तिसऱ्या उडीवर अडलेला मावळा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३८. मूळ गाव खानापूर तालुक्यात, आता बेळगावात वडगावला बिऱ्हाड. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात चौदा वर्षं मेंटेनन्सला. घरात वडील, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. लहानपणी टीव्हीला जोडून, कॅसेट घालून जे व्हिडिओ गेम खेळले जायचे, त्याच मशीनसाठी हे गृहस्थ अडीच वर्षं रात्री जागून एक नवा कोरा गेम लिहीत आहेत. दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यावरचा एक मावळा रात्री जिवंत होतो आणि फटाके, मांजर, अवकाळी पाऊस चुकवत बालेकिल्ल्यावरची विझलेली पणती लावायला निघतो, अशी त्याची गोष्ट. आधी सात टप्पे ठरले होते, आता एकोणीस झालेत आणि गेम अजून पुरा नाही. सोसायटीतून साडेचार लाखांचं कर्ज काढून ५०० कॅसेट बनवाव्यात (नग ९०० रुपयांना पडेल, दोन हजारांना विकायचा) आणि जमलं तर नोकरी सोडून हेच करावं, असं त्यांच्या मनात आहे. वडील म्हणतात, "भंगारातल्या मशीनचा गेम कोण घेणार गा?" पत्नी म्हणते, "अहो, संपणार कधी ते तरी सांगा." एक मित्र म्हणतो, गेम मराठीतच पाहिजे. दुसरा म्हणतो, कन्नड नसेल तर इथं हात कोण लावणार? "घरचे पाठीशी नाहीत, मित्र भाषेवरून भांडतात. मी वेडा आहे का? नसेन तर पुढे काय करू?" असा त्यांचा प्रश्न.

उत्तर:

वेडे नाही आहात. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

मी पॉलिटेक्निकमध्ये अठ्ठावीस वर्षं मायक्रोप्रोसेसर शिकवला. शिकवला म्हणजे काय, तर ८०८५ चं किट, त्यावरची अक्षरं पुसून गेलेली बटणं, आणि एकेक हेक्स कोड टोचून दोन आकड्यांची बेरीज करून दाखवायची. वीस पोरांतली सतरा-अठरा जर्नल उतरवून मोकळी व्हायची. उरलेली दोन-तीन किट सोडायला तयार नसायची. शिपाई दिवे घालवायला आला की नाइलाजानं उठायची. तुमचं पत्र वाचताना मला तीच आठवली. तेव्हा माझं माप तुमच्याकडे झुकलेलं आहे, हे धरूनच माझा सल्ला घ्या.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निन्टेंडो कंपनीनं जपानमध्ये १९८३ च्या जुलैत फॅमिकॉम बाजारात आणलं. नव्वदीत आपल्या गल्ल्यांमध्ये आलं ते बहुतेक त्याच्या नकलांच्या रूपानं, सामुराई, मीडिया असल्या नावांनी. आत ६५०२ घराण्यातला प्रोसेसर, आणि कामाची मेमरी दोन केबी, म्हणजे २०४८ बाइट. रोज सकाळी फोनवर येणाऱ्या गुलाबाच्या फुलवाल्या 'सुप्रभात'ला याच्या कितीतरी पट जागा लागते. तेवढ्यात मावळा, मांजर, पाऊस, गुण आणि उरलेले जीव, सगळं बसवायचं. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा अख्खा गेम ४० केबीचा. त्यातला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग बदलून वापरलेलं. ही काटकसर आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला समजावून सांगावी लागणार नाही.

आणि अशा मशीनसाठी नवे गेम आजही बनतात. २०१९ मध्ये मॉर्फकॅट गेम्स या छोट्या चमूनं 'मायक्रो मेजेस' नावाचा गेम काढला, तोही त्याच ४० केबीत, आणि तो चौघांना एकदम खेळता येतो. या मशीनच्या नव्या गेमांच्या स्पर्धाही होतात. म्हणजे तुम्ही एकटे नाही. वडगावात एकटे असाल, ते वेगळं.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. "घरचे पाठीशी नाहीत" असं तुम्ही लिहिलंय. वडिलांपुरतं ते कदाचित खरं असेल. पण पत्नीचं म्हणून जे एकच वाक्य तुम्ही दिलंय ते परत वाचा. "बंद करा" असं त्या म्हणालेल्या नाहीत. "हे पोरखेळ आहेत" असंही नाही. "संपणार कधी ते तरी सांगा," एवढंच विचारलंय. हा विरोध नव्हे, हा तारखेचा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्हाला तो टोचतोय.

मला इथं एक गंमत दिसते. मशीनच्या अटी तुम्ही किती आनंदानं पाळता! एका आडव्या ओळीत आठापेक्षा जास्त हलती चित्रं आली की नववं दिसत नाही, म्हणून फटाके आलटून पालटून कसे लुकलुकवले, हे तुम्ही अर्धं पान भरून लिहिलंय. (ते मी चवीनं वाचलं, पण इथं गाळलं, माफ करा.) मशीननं "एवढंच" म्हटलं की तुम्हाला हुरूप येतो. पण तुम्ही स्वतःला एकही अट घातलेली नाही. सात टप्प्यांचे एकोणीस झाले, कारण अडवणारं कुणी नव्हतं. रात्री किती वाजता उठायचं हेही ठरलेलं नाही. बाईंनी विचारलेला प्रश्न आणि ते आठ चित्रांचं बंधन, या दोन गोष्टी माझ्या मते एकाच जातीच्या आहेत. एकीवर तुम्ही खूश होता आणि दुसरीवर रुसता.

म्हणून पहिलं काम: टप्पे पुन्हा सात करा. बारा फेकू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. दुसरं काम: आठवड्यातल्या कुठल्या तीन रात्री, आणि किती वाजेपर्यंत, हे घरात बोलून ठरवा. तिसरं: एक तारीख सांगा. ती कोणती असावी याकडे शेवटी येतो.

आता पैशाचं. तुमच्या हिशेबात एक गृहीत आहे, ते तुम्ही उघड लिहिलेलं नाही: "आमच्या पिढीतले सगळे हे खेळलेत, म्हणजे सगळे घेतील." मला शंका आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या माळ्यावर आमच्या चिरंजीवांचं जुनं मशीन सापडलं. मोठा उत्साह. टीव्हीला पिवळी वायर लावली, कॅसेट घातली, चित्र येईना. मग काढून फुंकर मारली आणि आलं. (फुंकर मारणं म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर ओलसर हवा सोडणं. चित्र यायचं ते कॅसेट काढून परत घातल्यामुळे. तरी मीही फुंकर मारलीच.) त्या संध्याकाळी चिरंजीव, सूनबाई, शेजारचे दोघं, सगळे ओरडून ओरडून खेळले. दुसऱ्या दिवशी मशीन माळ्यावर गेलं. त्यांना गेम नको होता, आपलं दहावं वर्ष अर्ध्या तासापुरतं परत हवं होतं. त्या अर्ध्या तासाला जुना गेमच लागतो, तुमचा नवा चालत नाही. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण कर्ज काढण्याआधी ऐका.

मग घेणार कोण? नव्या कॅसेटी हौसेनं विकत घेणारे मुख्यतः संग्राहक, आणि त्यातले बरेचसे अमेरिका-युरोपातले. आणि इथंच तुमचा ५०० चा आकडा आपटतो. आपल्याकडच्या मशीनची कॅसेट जपानी घडणीची, ६० पिनांची. अमेरिका-युरोपात विकलं गेलेलं मशीन ७२ पिनांचं, शिवाय त्यात कुलपाची एक चिप आहे. कॅसेटमधल्या जोडीदार चिपशी तिचं बोलणं जमलं नाही तर मशीन सारखं रीसेट होत राहतं. म्हणजे तुम्ही बनवणार त्या ५०० कॅसेटी ज्या मशीनमध्ये बसतात ती मशीनं आपल्याकडे माळ्यावर आहेत, आणि जे पैसे देतील त्यांच्या मशीनमध्ये त्या अडॅप्टरशिवाय बसत नाहीत. साडेचार लाख नुसते वसूल व्हायला दोन हजारांनी २२५ नग खपायला हवेत, टपालखर्च वेगळा. तुमच्या ओळखीत ज्यांच्याकडे चालू मशीन आहे अशी माणसं बोटांवर मोजा. मी मोजली. तीन निघाली, त्यातला एक मी.

बेळगावात सोसायट्यांना तोटा नाही, कर्ज मिळेलही. मिळतंय म्हणून घेऊ नका.

त्याऐवजी असं करून बघा. गेम पुरा झाला की आधी फाइलच्या रूपानं ठेवा. संगणकावरच्या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, ती चालते. एसडी कार्ड घालायची एव्हरड्राइव्हसारखी कॅसेट ज्यांच्याकडे आहे ते ती खऱ्या मशीनवरही चालवतात. फाइल विकायला खर्च नाही. इच (itch.io) ही साइट अशा कामासाठी आहे, तिथं "वाटेल तेवढे द्या" असंही लावता येतं. बाहेरून पैसे आले तर कराचं काय ते तुमच्या सीएला विचारा, त्यात मी पडत नाही. मग हातानं वीस कॅसेटी बनवा. वीसच. विकायला दहा, द्यायला दहा. त्या संपल्या आणि लोक मागू लागले, की ज्यांनी पैसे दिलेत तेवढ्यांच्याच पुढे बनवा.

हातानं बनवताना दोन गोष्टी सांभाळा. बाजारातल्या जुन्या '९९९९ इन १' कॅसेटी फोडून आतल्या सर्किटच्या पाट्या वापरू म्हणाल, तर त्यातल्या बहुतेकींमध्ये चिप नसतेच, पाटीवर काळ्या डांबरासारखा एक थेंब असतो आणि सिलिकॉन त्याखाली. तो उकलून दुसरी चिप बसत नाही. नवी पाटी करून घ्यावी लागते. दुसरं, हे मशीन ५ व्होल्टचं आहे. स्वस्तातल्या काही नव्या पाट्यांवर ३.३ व्होल्टची फ्लॅश चिप थेट जोडलेली असते. ती चालते, पण तिच्यावर आणि मशीनवर दोघांवरही ताण येतो. तुम्ही मेंटेनन्सवाले, तुम्हाला हे सांगायला नको. पण उत्साहात तुमच्यासारखीच माणसं हे विसरतात. वीस नगांसाठी ५ व्होल्टचे जुने ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिप, उत्तम. वर काचेची खिडकी असते ती चिकटपट्टीनं झाका, उन्हात उघडी ठेवलेली चिप हळूहळू सगळं विसरते.

नोकरीबद्दल फार लिहीत नाही. सोडू नका. विकायला अजून पुरा गेम नाही, तेव्हा हा प्रश्नच आज उभा राहत नाही. पण एक सांगतो. अडीच वर्षांत तुम्ही जे शिकलात, म्हणजे एकेक बाइट आणि प्रोसेसरचं एकेक चक्र मोजायचं, कागदावर मेमरीचा नकाशा काढायचा, ते कारखान्यात फुकट जाणारं नाही. उद्यमबागेत जुन्या सीएनसी, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीन, आहेत, त्यांचे जुने कंट्रोलर आहेत, आणि ते बिघडले की "आता नवीनच घ्या" म्हणणारेच जास्त. ६५०२ ची सुधारित आवृत्ती आजही नवी बनते आणि विकली जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. रात्रीच्या कामाचा दिवसाच्या कामाशी संबंध नाही असं तुम्ही धरून चालला आहात. साहेबांना एकदा तुमची ती मेमरीच्या नकाशाची वही दाखवून बघा.

आता भाषेचं. पत्रातला हा भाग तुम्ही वैतागून लिहिलाय, मला मात्र सगळ्यात रस त्यातच वाटला.

मित्रांचं भांडण क्षणभर बाजूला ठेवा आणि मशीनला विचारा. मशीनला अक्षर म्हणून काही कळत नाही. त्याला आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन कळतात, आणि मागच्या चित्रासाठी एका वेळी असे २५६ चौकोन मिळतात. इंग्रजीला २६ चौकोन दिले की जगातला कुठलाही इंग्रजी शब्द लिहून झाला. आपलं तसं नाही. आठ ठिपक्यांच्या उंचीत वर वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षर आणि खाली उकार, हे बसत नाही. बसवलं तर 'मु' आणि 'भु' सारखेच दिसतात. मी आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं करून पाहिलं, चष्मा काढावा लागला. एका अक्षराला सोळा बाय सोळा, म्हणजे चार चौकोन, दिले की कुठं ते अंगभर कपड्यात दिसतं. तीन अक्षरी शब्दाला झाले बारा. असे दहा शब्द, १२० चौकोन. कन्नडचंही तेच. तिची गोल अक्षरं लहान केली की ठिपक्यांचा गोळा होतो, आणि जोडाक्षरातलं ओत्तक्षर खाली जागा मागतं. तिचेही दहा शब्द, १२० धरू. दोन्ही मिळून २४०. उरले सोळा. त्या सोळा चौकोनांत अख्खा किल्ला बांधायचा?

म्हणजे तुमचे दोघं मित्र ज्यावरून भांडताहेत, तो इथं जागेचा प्रश्न आहे. आणि याच्यावर तोडगा आहे, तो १९८० च्या दशकातच निघालेला. तो म्हणजे कॅसेटमधली एक खास पाटी, गेमांच्या दुनियेत तिला सीएनरॉम म्हणतात. प्रोग्रॅमची ३२ केबीची चिप तशीच, चित्रांची चिपही ३२ केबीची, तिचे आठ-आठ केबीचे चार खण, आणि कुठला खण उघडायचा ते ठरवायला ७४१६१ नावाची एक साधी चिप. ती कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत सापडेल. पहिल्या खणात किल्ला आणि मराठी शब्द. दुसऱ्यात तोच किल्ला, त्याच जागी कन्नड शब्द. तिसऱ्यात हवं तर इंग्रजी. मशीन सुरू झालं की तीन शब्द दिसतील, मूल एक निवडेल, तो खण उघडेल. प्रोग्रॅमला मराठी कळत नाही आणि कन्नडही कळत नाही, त्याला खणाचा नंबर तेवढा कळतो.

दर भाषेमागे १२० चौकोन, चौकोनाला १६ बाइट, म्हणजे दोन केबीसुद्धा पुरे भरत नाहीत. सीमाभागातला भाषेचा प्रश्न एवढ्या स्वस्तात सुटलेला मी तरी आयुष्यात पाहिला नाही. दोघां मित्रांना एकत्र बसवून चहा पाजा. मराठीवाल्याला मराठी शब्द काढायला द्या, कन्नडवाल्याला कन्नड. आलेखाचा कागद द्या, पेन्सिल द्या. चौथं अक्षर काढेपर्यंत भांडायला दम उरत नाही.

शब्द निवडताना जोडाक्षरं टाळा. 'प्रारंभ' नको, 'चल' घ्या. 'प्रतीक्षा करा' नको, 'थांब' घ्या. 'समाप्त' ऐवजी 'परत?' कसं वाटतं? आपली पोरं किल्ला करताना असंच बोलतात. शासकीय मराठीला या मशीनमध्ये जागा नाही, हे एक बरं आहे.

तुमच्या पत्रात अजून दोन बारीक गोष्टी आहेत, त्या उरकतो. एक, शिवजयंतीला लागणाऱ्या एका प्रसिद्ध गाण्याची चाल तुम्ही पार्श्वसंगीताला घेतलीय. काढा. जुन्या मशीनसाठी आपला नवा गेम बनवण्यात गैर काही नाही, पण दुसऱ्याची चाल, दुसऱ्याचं पात्र किंवा कंपनीचं बोधचिन्ह खोक्यावर छापणं यात अडकाल. चाल स्वतः बांधा. मशीनकडे दोन चौकोनी लहरींचे आवाज आहेत, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर, आणि पाचवा ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. त्या खरखरीतून हलगी काय सुरेख निघते ते फॅमिट्रॅकर या संगीताच्या प्रोग्रॅमवर करून बघा. त्रिकोणी आवाजाला कमी-जास्त करता येत नाही, त्याला खालच्या सुराला बसवा.

दुसरी गोष्ट, संगणकावर गेम तुम्ही बहुधा ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं (फ्रेम) दाखवून, चालवून बघताय. आपला जुना टीव्ही ५० हर्ट्झचा. दर फ्रेममागे एक पाऊल असा हिशेब असेल तर खऱ्या मशीनवर मावळा सहातल्या पाच हिश्श्यांच्या वेगानं चालेल, संगीतही ओढल्यासारखं वाजेल. मेसेन एम्युलेटरमध्ये एनटीएससी, पाल आणि डेंडी, या मशीनच्या तिन्ही पद्धती लावून बघा.

तुमच्यासारखी अजून काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, बरीचशी कॉलेजच्या पोरापोरींची. त्यांना इथंच सांगतो. सुरुवात या मशीनपासून करू नका. जीबी स्टुडिओ हा मोफत प्रोग्रॅम २०१९ मध्ये आला. त्यात कोड न लिहिता गेमबॉयसाठी, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरायच्या जुन्या मशीनसाठी, गेम बनतो, आणि तोच ब्राउझरमध्येही चालतो, म्हणजे मित्राला फोनवर पाठवता येतो. १६० बाय १४४ ठिपके, चार छटा. आठवड्याभरात एक खोली, एक माणूस आणि एक बोलणारं कुत्रं एवढं होतं. तेवढं पुरं करा. ज्यांना ते करूनही आतलं इंजिन बघायची खाज सुटेल, त्यांनी मग ६५०२ कडे यावं. सीसी६५ हा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या भाषेत उतरवणारा) फुकट आहे, सी भाषेत सुरुवात करता येते. आणि मोठा गेम आधी करू नका. या पत्रलेखकांचे एकोणीस टप्पे डोळ्यासमोर ठेवा.

हं, तर तुमची तारीख. दिवाळी. गेम दिवाळीच्या किल्ल्याचा आहे, दुसरी तारीख शोधायचीच कशाला? आपल्याकडे गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात, मंडळं स्पर्धा लावतात, परीक्षक फिरतात. तुमच्या गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्याशेजारी एक टेबल टाका, भंगारवाल्याकडून एक जुना डबडा टीव्ही आणा (मागचं झाकण उघडू नका, बंद केला तरी आत बराच वेळ झटका शिल्लक असतो) आणि सात टप्प्यांचा गेम लावून ठेवा. चार दिवस. रांग लागेल ती लागू दे, नाही लागली तर तेही कळेल. कर्ज काढायच्या आधी हे कळलेलं बरं, आणि या चाचणीचा खर्च टीव्हीचा आणि एक्स्टेन्शन बोर्डाचा. वडिलांना टेबलापाशी खुर्ची द्या. कोण घेणार हा प्रश्न त्यांचाच आहे, त्यांना तिथं बसून मोजू दे.

एक अट मात्र पाळा. पोरं खेळत असताना तोंड उघडायचं नाही. "अरे, इथून उडी मार" नाही, "थांब, मी दाखवतो" नाही. हाताची घडी घालून मागं उभं राहायचं आणि कोण कुठं अडतं ते वहीत लिहायचं. फार अवघड आहे हे. मी वर्गात अठ्ठावीस वर्षं प्रयत्न केला, जमलं नाही.

याची सुरुवात घरातच करता येईल, कारण त्यातली पहिली नोंद तुम्ही मला आधीच पाठवलीय. पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंय: "मुलीला दाखवला. पहिल्याच टप्प्यात तिसऱ्या उडीला सारखी पडते. तिला टायमिंग कळत नाही. चार मिनिटांत उठून गेली." तिला टायमिंग कळत नाही असं तुम्हाला वाटतं. माझा कयास वेगळा आहे. ती बरोबर कडेपर्यंत धावते आणि पाय सुटल्यावर बटण दाबते, एखाद-दोन फ्रेम उशिरा. सात वर्षांचं मूल तसंच करणार, मोठी माणसंही करतात. त्याला उपाय आहे: मावळ्याचा पाय कडेवरून सुटल्यावरही पुढच्या पाच फ्रेमपर्यंत उडी मान्य करायची. ५० हर्ट्झवर तो सेकंदाचा एक दशांश. खेळणाऱ्याला ते दिसत नाही, फक्त आपण पडलो नाही एवढं कळतं. मोजायला एक बाइट लागेल. २०४८ मधली तेवढी एक तिच्यासाठी काढून ठेवा, आणि तिला परत बोलवा.